कंट्रोलच्या स्लाईडवरही तुटलेले क्रोमोसोम? आधी कोल्सेमिडचे तास मोज

तुझी पोस्ट दोनदा वाचली. (तुला ‘अगं-तूगं’ करतेय, एमएस्सीला आहेस म्हणजे वयाने बरीच लहान असशील.) केमिकलने रक्ताच्या पेशींमधले क्रोमोसोम तुटतात का ते तू बघतेयस. केमिकल दिलेल्या ट्यूबमध्ये ब्रेक्स आहेत, पण काहीच न दिलेल्या कंट्रोलमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि सर म्हणतायत डोनर बदल. मधेच एका ओळीत लिहिलंयस की सहानंतर लॅब बंद होते म्हणून कोल्सेमिड (पेशीचं विभाजन मधेच रोखणारं औषध, म्हणजे क्रोमोसोम नीट दिसतात) संध्याकाळी घालून हार्वेस्ट, म्हणजे स्लाईडसाठी पेशी काढणं, सकाळी करते. त्या ओळीपाशी माझ्या पोटात गोळाच आला. डोनर बदलू नकोस गं. मी चार बदलले होते.

कल्चर लावणं, पीएचए, हायपोटॉनिक, फिक्सेटिव्ह हे सगळं तुला येतंच, त्यात शिरत नाही.

माझंही नवी मुंबईतच झालं, संस्थेचं नाव घेत नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जायचे. कंट्रोलसाठी रक्त द्यायला ओळखीतली माणसं ऑफिस सुटल्यावर यायची, म्हणजे कल्चर संध्याकाळी लागायचं आणि ७२ तास भरायचेही संध्याकाळीच. उशिरा थांबायची परवानगी मागितली तर तिथल्या कार्यालयाने आधी अर्ज परत केला कारण विभागप्रमुखांची सही नव्हती, सही आणली तर सुरक्षा विभागाची ना-हरकत हवी, ती आणली तर अर्ज जुन्या फॉर्मवर आहे, नवा भरा. तीन महिने हेच चाललं आणि शेवटी तोंडी सांगितलं की मुलींना उशिरा थांबू देत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? अजूनही आठवलं की संताप होतो. मग मीच मार्ग काढला. साडेपाचला कोल्सेमिड घालायचं, घरी जायचं, सकाळी साडेनऊला हार्वेस्ट. १६ तास. मेटाफेज, म्हणजे क्रोमोसोम मोजता येतील अशा अडकलेल्या पेशी, इतके भरपूर मिळायचे की सगळेच खूश.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. पुस्तकात वाचलेली विभागणी डोक्यात पक्की बसली होती, की स्पिंडल (विभाजनात क्रोमोसोम ओढून वेगळे करणारे धागे) बिघडवणारी औषधं क्रोमोसोमची संख्या बिघडवतात आणि डीएनए तोडणारी वेगळी. कोल्सेमिड ट्यूब्युलिनला, म्हणजे ते धागे ज्याचे बनतात त्या प्रोटीनला, चिकटतं, डीएनएला हातही लावत नाही, मग ब्रेक्स त्याच्यामुळे कसे येतील? हा विचार मी आठ महिने एकदाही तपासला नाही.

खरी गोष्ट अशी की औषध स्वतः डीएनए तोडत नाही, पण पेशीला विभाजनाच्या मधोमध अडकवून ठेवतं, आणि त्या अवस्थेत तास न् तास राहणं क्रोमोसोमला झेपत नाही. एरवी मायटोसिस, म्हणजे हे विभाजन, साधारण तासाभरात उरकतो. लांबला की क्रोमोसोमच्या टोकांचं, म्हणजे टेलोमिअरचं संरक्षण सैल पडतं, टोकं जपणारं टीआरएफ२ प्रोटीन तिथून कमी होतं आणि पेशीला ती टोकं तुटल्यासारखी दिसायला लागतात. २०१२ मध्ये हे नीट दाखवलं गेलं. त्यात भर म्हणजे आत्महत्येची यंत्रणा अर्धवट सुरू होते, कॅस्पेज नावाचे तिचे एन्झाइम थोडेसे जागे होतात, पेशी मारण्याइतके नाही पण डीएनए चिरण्याइतके. आणि मायटोसिसमध्ये डबल स्ट्रँड ब्रेकची (डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याची) दुरुस्ती पेशीने दाबून ठेवलेली असते, म्हणजे झालेलं नुकसान तसंच पडून राहतं. नुसता वेळसुद्धा पेशी लक्षात ठेवते. साध्या, कॅन्सर नसलेल्या पेशींना प्रोमेटाफेजमध्ये (मेटाफेजच्या आधीच्या टप्प्यात) सुमारे दीड तासाहून जास्त रोखलं तर पुढे विभाजन नीट पूर्ण होऊनही पिलू पेशी पी५३ या पहारेकरी प्रोटीनमुळे थांबतात, असं २०१० चं काम आहे.

औषध धुवून टाकलं की सगळं आलबेल, असंही नाही. सुटलेल्या पेशीत क्रोमोसोमचा एकच क्रोमॅटिड (दोन जुळ्या प्रतींपैकी एक) दोन्ही बाजूंनी ओढला जातो, मागे रेंगाळतो, त्याचा वेगळा मायक्रोन्यूक्लियस, म्हणजे छोटं सुटं केंद्रक, होतो आणि त्याच्या आत त्या क्रोमोसोमची अक्षरशः चाळण होऊ शकते.

मला हे कळलं कसं, तर एकदा ऑइल इमर्शनखाली एक नंबरचा क्रोमोसोम शोधत होते. सगळ्यात लांब असतो, लगेच दिसायला हवा. दिसेचना. सगळे आखूड, जाड, खडूच्या तुकड्यांसारखे, दोन्ही क्रोमॅटिडचे हात फाकलेले, फक्त सेंट्रोमिअरला, म्हणजे दोघांच्या सांध्याला, धरून. जुन्या, तासभरच कोल्सेमिड दिलेल्या एका स्लाईडशी शेजारी ठेवून बघितलं आणि खुर्चीत तशीच बसून राहिले. मग एकाच माणसाचं रक्त, तीन ट्यूब, १ तास, ४ तास, १६ तास असं केलं, गॅमा-एचटूएएक्सने (डीएनए तुटल्याची खूण चमकवणाऱ्या रंगाने) रंगवलं. १६ तासांच्या ट्यूबमध्ये टोकांवर हिरवे ठिपके. कंट्रोलचा, बिचाऱ्या डोनरचा काही संबंध नव्हता. आठ महिन्यांच्या स्लाईड्स बाद.

तू हेच कर, तीन ट्यूब. गॅमा-एचटूएएक्स नसेल तर नुसत्या जीमसावरही (स्लाईडच्या नेहमीच्या रंगावरही) फरक कळेल. माझं मत ठाम आहे की ब्रेक्स मोजायचे असतील तर दोन तासांपुढे जाऊच नये. आता कोणीतरी म्हणेल की रेडिएशनच्या चाचणीत कोल्सेमिड २४ व्या तासालाच घालतात. घालतात काही ठिकाणी, पण तिथे डायसेंट्रिक (दोन सेंट्रोमिअर असलेले क्रोमोसोम) मोजतात, क्रोमॅटिड ब्रेक नाही. तुझ्या केमिकलसाठी तुझ्या गाइडचा शब्द शेवटचा, मी तुझी लॅब पाहिलेली नाही.

वेळेचा तोडगा मला फार उशिरा सुचला. संध्याकाळी घेतलेलं रक्त सोडियम हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रूम टेंपरेचरला रात्रभर चांगलं राहतं. कल्चर सकाळी लाव, हार्वेस्टही सकाळीच येईल, कुणाच्या परवानगीची गरज नाही. मे महिन्यात लोकलने नेणार असशील तर ट्यूब थेट बर्फावर ठेवू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळ.

एक महत्त्वाचं, कारण इथे पेशंटही वाचतात. गाऊटसाठी कोल्चिसिन (कोल्सेमिडचंच भावंड) किंवा किमोत पॅक्लिटॅक्सेल, व्हिनक्रिस्टिन (हीही स्पिंडल बिघडवणारी) चालू असेल तर हे वाचून औषध बंद करू नका. ट्यूबमधला डोस आणि शरीरातला डोस वेगळा, आणि किमोमध्ये तर विभागणारी पेशी अडवणं हाच हेतू असतो. मी डॉक्टर नाही, शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि पावसाळ्यात येऊरला कळलावीची सुंदर लालपिवळी फुलं दिसतात, त्या झाडात हेच कोल्चिसिन असतं, मुलांना हात लावू देऊ नका, कंद तर जीवघेणा.

१ तासाच्या ट्यूबचे आणि रात्रभरच्या ट्यूबचे मेटाफेज शेजारी शेजारी ठेवून फोटो टाक, मी बघते. आणि सरांना दाखवायच्या आधी टाक.