ट्विन रिव्हर्ब, एसी३०, मार्शल की मेसा? कोकणात राहून महागडा ट्यूब अँप घेताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत राहता, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) आहे, घरी रोज वाजवता आणि सीझनला रिसॉर्टवर ब्लूज आणि जुनी हिंदी गाणी वाजवता, आणि फेंडर ट्विन रिव्हर्ब, व्हॉक्स एसी३०, मार्शल प्लेक्सी आणि मेसा बूगी मार्क या चारांत अडकलाय. मी कुडाळला असतो, बरीच वर्षं ट्यूब अँपवर (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटार अँप्लिफायर) वाजवतोय आणि मित्रांचे अँप दुरुस्तही करतो. माझं सरळ मत असं की तुम्ही रोज खरोखर जेवढ्या आवाजावर वाजवणार तेवढ्या आवाजावर जो छान वाजतो तोच अँप घ्यायचा, आणि त्या हिशोबाने तुमच्या यादीतले चारही मोठे आहेत.

आधी वॅटचं बघू कारण सगळे तिथेच फसतात. ट्विन ८५ वॅटचा, त्याचाच धाकटा भाऊ डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा, मग ट्विन चौपट मोठा वाजेल असं वाटतं ना? तसं होत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे या दोघांत फरक जेमतेम ६ डेसिबलचा, आणि कानाला "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. खरा फरक हेडरूमचा आहे, म्हणजे आवाज न फाटता किती मोठं वाजवता येतं त्याचा. ट्विन बराच वर नेला तरी स्वच्छच राहतो, म्हणून ड्रमरबरोबर मोठ्या स्टेजवर त्याला तोड नाही, पण ब्लूजला जो थोडा फाटलेला, बोटाच्या जोराप्रमाणे बदलणारा आवाज लागतो तो घरात ट्विनमधून निघणार नाही, तिथपर्यंत पोचायच्या आधी शेजारचे दारात उभे राहतील. प्लेक्सीचं तर त्याहून अवघड, १०० वॅट आणि मास्टर व्हॉल्यूम (फाटलेला आवाज ठेवून एकूण आवाज कमी करायचं नॉब) नाही, त्याची सगळी मजा स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबना ढकलण्यात आहे. अ‍ॅटेन्युएटर लावता येतो (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणारा डबा), मी वापरलाय, थोडे डेसिबल खाली आणायला उत्तम, पण फार खाली आणलं की स्पीकरच हलत नाही आणि आवाज मेल्यासारखा वाटतो.

दुसरं म्हणजे हे चार अँप वाटतात तेवढे लांबचे नाहीत. मार्शलचा पहिला जेटीएम४५ हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडर बासमनच्या सर्किटवरूनच बनला, आणि मेसाच्या रँडल स्मिथने सुरुवात केली ती छोट्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये बदल करून. म्हणजे तीन एकाच घराण्यातले. व्हॉक्स मात्र वेगळा: ईएल८४ ट्यूब, कॅथोड बायस (ट्यूबचा करंट आपोआप जुळतो), निगेटिव्ह फीडबॅक (आवाज आवरून स्वच्छ ठेवणारी जोडणी) नाही, म्हणून तो लवकर आणि हळूहळू फाटतो आणि वरच्या सुरांना ती घंटेसारखी चमक येते. फेंडरमध्ये मिड्स (मधले सूर) दबलेले असतात, गायकाच्या मागे जागा मोकळी राहते. मार्शलमध्ये मिड्स पुढे, म्हणून सोलो बँडमधून कापत बाहेर येतो. तुम्ही जुनी हिंदी गाणी वाजवता, कॉर्ड्स आणि तुकडे भरपूर, तर मला फेंडर किंवा व्हॉक्सच जवळचे वाटतात. मेसा मार्कला मी कमी लेखत नाही, इक्यू (वेगवेगळे सूर कमीजास्त करायची सोय) जबरदस्त आहे आणि मार्क सेव्हनमध्ये ९०, ४५ आणि २५ वॅट असं निवडताही येतं, पण आत इतकी गर्दी आहे की बिघडला तर आपल्या भागात उघडायची हिंमत कुणी करणार नाही आणि ते धूड घेऊन मुंबई गाठावी लागेल.

आता ऐकून तुलना कशी करायची, कारण मुंबई-पुण्याला ट्रायलला जाल तेव्हा वेळ थोडाच मिळतो. स्वतःची गिटार, स्वतःची केबल न्या. दोन अँप शेजारी ठेवून दोघांचा आवाज मोबाईलच्या डेसिबल अ‍ॅपवर सारखा करून घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगतो, कारण जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतोच, आणि लाखो रुपयांचा निर्णय त्या १-२ डेसिबलवर होऊन जातो. रिव्हर्ब पूर्ण बंद करा. मग अँप फाटायला लागतो तिथे ठेवून गिटारचा व्हॉल्यूम ४ वर आणा, आवाज स्वच्छ होऊन जिवंत राहिला तर अँप चांगला, घोंगडं पांघरल्यासारखा झाला तर सोडून द्या. आणि स्पीकर कुठला ते लिहून घ्या. लोक ट्यूबचे ब्रँड बदलत बसतात पण स्पीकरने त्याच्या कितीतरी पट फरक पडतो, त्याच एसी३० मध्ये सेलेस्टियन ग्रीनबॅक आणि अल्निको ब्लू ऐकाल तर दोन वेगळे अँप वाटतील. व्हिडिओवरून तर ठरवूच नका, तिथे तुम्ही निम्मा माईकच ऐकत असता.

आणि आता आपल्या हवेबद्दल, जे अमेरिकेतल्या रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही. खारा वारा आणि चार महिने पाऊस यात ट्यूब सॉकेटच्या पिना, जॅक आणि पॉट (नॉबखालचा भाग) गंजतात, खरखर सुरू होते, वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लिनर मारावाच लागतो. जुना व्हिंटेज फेंडर घेत असाल तर अजून सांभाळा: त्यातला, ज्यावर पार्ट बसवलेले असतात तो काळा फायबरबोर्ड ओल धरतो आणि मग त्यातून करंट गळून चित्रविचित्र आवाज येतात, अशा अँपचं पावसाळ्यात काही खरं नसतं. ग्लास-इपॉक्सी बोर्डावरचा हँडवायर्ड (हाताने वायरिंग केलेला) अँप इथे जास्त सुखाने राहतो. प्लास्टिकने झाकून ठेवू नका, आत बुरशी धरते, सुती कव्हर घाला आणि पावसात रोज थोडा वेळ चालू करा, ट्यूबच्या उष्णतेनेच तो कोरडा राहतो. वीज चमकायला लागली की प्लग काढा, नुसत्या स्टँडबायवर भरवसा नको. लाइट वरखाली होते तिथे सर्व्हो स्टॅबिलायझर हवाच, आणि इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर शुद्ध साईन वेव्हचाच. अमेरिकेहून कोणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर मागची पाटी बघा, १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० वर लावला तर तिथेच संपला, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल.

वजन विसरू नका. ट्विन साधारण २९ किलो, एसी३० त्याहून जड, आणि रिसॉर्टच्या पाखाड्या उतरताना मदतीला दरवेळी कोणी असेलच असं नाही. डिलक्स रिव्हर्ब १९ च्या आसपास.

ट्यूब हल्ली मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्येच बनतात, २०२२ मध्ये रशियन माल अडकला तेव्हा किमती बघून डोळे पांढरे झाले होते, म्हणून अँपबरोबरच एक जादा सेट घेऊन ठेवा. फेंडर-मार्शलमध्ये पॉवर ट्यूब बदलल्या की बायस (ट्यूबमधला करंट) सेट करावा लागतो, कॅथोड बायसवाल्या व्हॉक्सला ती भानगड नाही, आणि जवळ टेक्निशियन नसलेल्या माणसाला हे फार मोठं आहे. स्वतः मात्र उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज राहतो, जीव जाऊ शकतो. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अँप कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

मला विचाराल तर तुमची यादी एक पायरी खाली आणा: एसी३० ऐवजी हँडवायर्ड एसी१५, ट्विनऐवजी डिलक्स रिव्हर्ब, आणि हे दोन शेजारी ठेवून ऐका. डिलक्सला मिडचं नॉब नाही हे लक्षात असू द्या. माझा स्वतःचा कल तुमच्या गाण्यांसाठी डिलक्सकडे आहे, पण टेक्निशियनची सोय अजिबात नसेल तर एसी१५. खोली केवढी आहे आणि भिंती चिऱ्याच्या की स्लॅबचं घर ते कळवलंत तर स्पीकर कुठला घ्यावा तेही सांगतो.