‘विद्युत गाळणी’ म्हणावं का?

आंतरकर्णावरचा लेख मराठीत आणताना ‘हेअर सेल’ला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशीला, केशपेशी आणि तिच्या ‘इलेक्ट्रिकल फिल्टरिंग’ला ‘विद्युत गाळणी’ म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

केशपेशी चालेल. तिच्या माथ्यावरचा तुरा म्हणजे काही खरे केस नव्हेत, केसातलं केराटिन त्यात नसतं. पण दिसतो तसा. फक्त ‘केशिका’ लिहू नका, ती रक्तवाहिनी.

गाळणीशी मात्र माझं भांडण आहे. चहाची गाळणी एकच हद्द ओळखते: बारीक ते खाली, जाड ते वर. क्रॉफर्ड आणि फेटिप्लेस या संशोधकांनी 1981 साली कासवाच्या केशपेशींवर जे काम छापलं, त्यात प्रत्येक पेशीचा आवडता सूर वेगळा निघाला. त्याहून खालचा सूरही तिला फिका, वरचाही. हे रवा काढण्यासारखं झालं: एका चाळणीने कोंडा अडवायचा, दुसरीने पीठ पाडून टाकायचं, मधला रवा आपला.

पण मला चाळणीही पटत नाही. आवाज नसताना पेशीला नुसता विजेचा हलका धक्का दिला, तरी तिचा विद्युतदाब काही वेळा खालीवर हेलकावतो आणि मग शांत होतो, तोही जवळपास तिच्या आवडत्या सुराच्याच गतीने. दाब चढला की कॅल्शियम आत येतं, त्याने पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडलं की दाब उतरतो, थोडा जास्तच उतरतो, आणि पुन्हा चढतो. कुठल्या पेशीत ही दारं किती आणि किती चपळ, त्यावर तिचा सूर ठरतो. चाळणीला धक्का दिला तर ती गात नाही. सतारीची तरफेची तार गाते. म्हणून इथे ‘विद्युत जुळवणी’ लिहा. तंबोरा आपण जुळवतोच की. फारच शास्त्रीय हवं असेल तर ‘विद्युत अनुनाद’.

गाळणी अगदीच टाकाऊ नाही. सस्तन प्राण्यांत सूर वेगळे करण्याचं मुख्य काम आंतरकर्णातला, केशपेशींच्या खालचा पडदा (‘बेसिलर मेम्ब्रेन’, बाहेरचा कानाचा पडदा नव्हे) आपल्या हालचालीनेच उरकतो. तिथल्या आतल्या केशपेशीचं आवरण जलद हेलकावे सपाट करतं: काही हजार हर्ट्झच्या वर दाब नुसता चढून राहतो, डुलत नाही. मंद ते पार, जलद ते अडलं. इथे ‘गाळणी’ खुशाल लिहा.

तेव्हा लेखातला कान कासवाचा आहे की गिनीपिगचा, ते आधी बघा.