वाचकांचे प्रश्न : अर्थतज्ज्ञ जेव्हा अर्थमंत्री होतो

प्रश्न : निवडणूक न लढवता डॉ. मनमोहन सिंग 1991 मध्ये अर्थमंत्री कसे झाले?

राज्यघटनेच्या कलम 75(5) नुसार खासदार नसलेली व्यक्तीही मंत्री होऊ शकते. मात्र सहा महिन्यांच्या आत ती संसदेच्या कोणत्या तरी सभागृहाची सदस्य झाली नाही, तर मंत्रिपद जाते. सिंग यांचा शपथविधी 21 जूनला झाला आणि ऑक्टोबरमध्ये ते आसाममधून राज्यसभेवर गेले.

पण नुसत्या ऑक्सफर्डच्या डॉक्टरेटवर हे पद पेलले नसते. 1972 पासून मुख्य आर्थिक सल्लागार, पुढे आर्थिक व्यवहार विभागाचे सचिव, 1982 मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. कोणता निर्णय कोणाच्या सहीने होतो, हे त्यांना मंत्री होण्याआधीच ठाऊक होते.

प्रश्न : रुपयाचे अवमूल्यन एकदम न करता दोन टप्प्यांत का केले?

1966 च्या अवमूल्यनाने काँग्रेसचे हात पोळले होते, त्यामुळे पंतप्रधान नरसिंह राव धास्तावलेले होते. दुसरीकडे परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. म्हणून 1 जुलैला सुमारे 9 टक्के घट करून बाजाराचा अंदाज घेतला आणि 3 जुलैला सुमारे 11 टक्क्यांचा दुसरा टप्पा उरकला. तो थांबवावा असे रावांना वाटत होते. पण निरोप पोचेपर्यंत रिझर्व्ह बँकेने नवा दर जाहीर केला होता. तेव्हा विनिमय दर रिझर्व्ह बँक जाहीर करत असे, त्यासाठी संसदेत विधेयक लागत नसे, हे इथे कामी आले.

लगेच 4 जुलैला निर्यातदारांचे रोख अनुदान बंद झाले. रुपया उतरल्यामुळे निर्यातदाराला प्रत्येक डॉलरमागे जास्त रुपये मिळणारच होते, मग वर अनुदान कशाला? आमच्या मते त्या आठवड्यातली सर्वांत नेमकी चाल हीच. सिंग यांचा प्रबंधही भारताच्या निर्यातीवरच होता.

प्रश्न : त्यांचे गणित कुठे फसले?

खतांवर. 24 जुलैच्या अंदाजपत्रकात खतांच्या किमती 40 टक्क्यांनी वाढवल्या. स्वपक्षातूनच ओरड झाल्यावर वाढ 30 टक्क्यांवर आणावी लागली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना त्यातून वगळावे लागले.

खरे नुकसान पुढच्या वर्षी झाले. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) असलेल्या खतांच्या किमतींवरचे नियंत्रण उठवले, नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या युरियावरचे मात्र ठेवले; उलट युरिया 10 टक्क्यांनी स्वस्त केला. डीएपी (स्फुरदयुक्त खत) आणि पोटॅशचे भाव भडकले, तेव्हा शेतकऱ्याने साहजिकच युरियावर भर दिला. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण साधारण 4:2:1 असावे असे मानतात. देशात ते 1991-92 मध्ये 5.9:2.4:1 होते, एका वर्षात 9.5:3.2:1 झाले.