'मणका सरकणे' आणि कायरोप्रॅक्टिकचे 'सब्लक्सेशन'

कायरोप्रॅक्टिकच्या (हाताने मणक्यांवर दाब देऊन करायच्या उपचारपद्धतीच्या) माहितीत येणाऱ्या 'सब्लक्सेशन'ला मराठीत 'मणका सरकणे' म्हणावे का, असा प्रश्न आहे.

म्हणू नये. मणका खरोखर सरकतो, आणि ते एक्स-रेवर मोजताही येते. बहुतेक वेळा कमरेचा चौथा किंवा पाचवा मणका खालच्यावरून पुढे घसरतो. घसरण खालच्या मणक्याच्या पाव भागापर्यंत असेल तर पहिली श्रेणी, अर्ध्यापर्यंत असेल तर दुसरी. याला डॉक्टर स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. त्यांच्या भाषेत 'सब्लक्सेशन' म्हणजे सांधा अर्धवट निखळणे. तेही एक्स-रेत दिसते.

कायरोप्रॅक्टिकमधला अर्थ निराळा आहे. ही पद्धत सुरू करणाऱ्या डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हनपोर्टला, हार्वे लिलार्ड यांच्या पाठीच्या मणक्यावर दाब देऊन बहिरेपण घालवल्याचा दावा केला. मणका किंचित हलला की मज्जातंतूंचे काम अडते आणि दूरच्या अवयवात रोग होतो, हा त्यांचा सिद्धान्त. पण ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूकडे जाते, पाठीच्या कण्यातून जातच नाही. ब्रिटनमध्ये हे उपचार करणाऱ्यांचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेही २०१० मध्ये स्पष्ट केले की सब्लक्सेशनमुळे रोग होतात असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. म्हणून मराठीत 'कायरोप्रॅक्टिकमध्ये ज्याला सब्लक्सेशन मानतात ते' असेच लिहावे. 'मणका सरकला' असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, निदान झाले.

'मणका बसवला' हेही तसेच फसवे. दाबताना येणारा 'कट्' आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. अशा उपचाराने कंबरदुखीत काहींना आराम पडतो, पण त्यावरून मणका सरकला होता असे ठरत नाही.

'गादी सरकली'ही रूढ आहे, पण गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि नस दबते. 'गादी बाहेर आली' हे जास्त बरोबर. 'मणक्यात गॅप आली' तर बरेचदा उलट असते: गादी झिजून अंतर कमी झालेले असते. नुसती उसण भरली असेल तर 'उसण' म्हणावे, शब्द चांगला आहे.

डॉक्टरांपुढे मात्र यातले कोणतेच नाव न सांगता कळ कुठून कुठपर्यंत जाते ते सांगावे. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.