देवाचं भय धरा म्हणतात म्हणजे ख्रिस्ती माणसाने घाबरूनच चांगलं वागायचं का?

नाही हो, धाक वेगळा आणि देवाचं भय वेगळं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात 19:14 बघा, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर. आता बहिऱ्याला ऐकूच येत नाही, आंधळ्याला कुणी केलं ते दिसत नाही, म्हणजे पकडले जायचा चान्सच नाही आणि नेमकं तिथेच देवाचं नाव घेतलंय. मला तर नहेम्या आवडतो, यहूदा प्रांताचा गव्हर्नर, आधीच्यांनी लोकांकडून भाकर, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी उकळली, याने हक्क असून 12 वर्षं भत्ता घेतला नाही, कारण देवाचं भय (नहेम्या 5:14-15). बाकी नरकाची भीती दाखवून पोरांना वळण लावतात ते मला तरी पटत नाही, 1 योहान 4:18 मध्ये स्पष्टच आहे की पूर्ण प्रीती भीती घालवून देते.