जागरण-गोंधळ राहिला म्हणून मुलाचे हातपाय गेले का?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण एकाएकी वाढले. या आजारात धडधाकट माणूस चार-पाच दिवसांत आडवा होतो आणि घरच्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

मधुमेह असलेल्या एका आईची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नुकतंच लग्न झालेल्या मुलाला जुलाब झाले, थांबले. दहा दिवसांनी तळपायांना मुंग्या आल्या, मग जिना चढवेना, पाठोपाठ श्वास अपुरा पडला आणि व्हेंटिलेटर लागला. जाऊबाई म्हणाल्या, "लग्नानंतरचं जागरण राहिलं, खंडोबा कोपला." आईंनी गोळ्या चालू असतानाच निर्जळी रविवार धरले आणि सुनेशी बोलणं सोडलं.

अशा वेळी श्रद्धेवर वाद घालू नये. आधी कारण सांगावं. पोटातल्या जंतूंशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतात. शेजारच्या खाटेवर हाच आजार झालेला रुग्ण होता. त्याच्या घरी ना खंडोबा, ना जागरण. हे आईंच्या लक्षात आणून दिलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. सुनेच्या पायगुणाचा विषय मात्र तिथेच, स्पष्ट शब्दांत बंद केला.

मग पुढचं चित्र. इम्युनोग्लोब्युलिन हे शिरेतून द्यायचं औषध सहसा पाच दिवस देतात, रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम. औषध संपलं म्हणजे लगेच हात हलेल असं नाही. अशक्तपणा बहुधा चार आठवड्यांच्या आत वाढायचा थांबतो, काही काळ तिथेच राहतो, मग हळूहळू उतरतो. सहा महिन्यांत बहुतेक जण आधाराविना चालतात, पण सगळे नाही. काहींचा जीवही जातो. हेही सांगावं लागतं, नाहीतर देव पावला नाही असं मानून माणूस दुसऱ्यांदा कोसळतो.

आईंना काहीतरी करायचं होतं, तेव्हा उपासाऐवजी कामं दिली. मुलाला ऐकू येतं, कळतं. म्हणून भेटीत आधी वार आणि वेळ सांगायची, प्रश्न हो-नाही असेच विचारायचे: एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा तर नाही. त्याच्या कानाशी हळू आवाजात आरती म्हणायला हरकत नाही. अंगारा कपाळाला चालेल, पण तीर्थाचा थेंबही तोंडात नको. गिळता येत नसताना तो फुप्फुसात उतरतो. गंडा मनगटात बांधू नये, तिथे सुया आणि तारा असतात. स्वच्छ पिशवीत घालून परिचारिकेला विचारून उशीजवळ ठेवावा. जोरात तेल चोळणं किंवा गरम पिशवीने शेकणं नको. नसा आधीच ठणकत असतात, आणि त्वचा बधिर असली तर भाजलेलं कळतही नाही.

रात्रीच्या काळजीसाठी वही सुचवली. डॉक्टरांना विचारता येईल ते डावीकडे, ज्याला उत्तरच नाही ते उजवीकडे. उजवीकडचं वाचून मल्हारीचं नाव घ्यायचं आणि झोपायचं. जेवण, गोळ्या वेळेवर.

राहिलेलं जागरण करायचंच असेल तर घाई नको. या आजाराचा थकवा महिनोन्‌महिने टिकतो, रात्रभर बसणं झेपणार नाही. घरच्या घरी तळी भरली तरी चालते. व्हेंटिलेटरसाठी गळ्याला पाडलेलं श्वासाचं छिद्र भरून येईपर्यंत त्याच्याजवळ भंडारा उधळू नये, कपाळाला बोटाने लावावा.