नॉब शून्यावर आणि छर्रा नऊ सेंटीमीटर वर

प्रश्न : सर नमस्कार, मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे. माझ्याकडे पॉइंट १७७ ची एअर रायफल आहे, तिच्यावर स्कोप लावलाय, पाव एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) क्लिक आणि वरच्या नॉबच्या एका फेरीत १२ एमओए. दिंडोरीला मामांच्या मळ्यात मातीचा उंच बांध आहे, तिथं मी आणि मावसभाऊ सुट्टीच्या दिवशी कागदावर मारतो. झिरो (नेम धरला तिथंच छर्रा लागेल अशी जुळवणी) २५ मीटरला केलंय, ५० मीटरला ९ एमओए वर घ्यावं लागतं. मागच्या वेळी शेवटी ५० ला मारलं, मग भावानं नॉब शून्यावर आणून रायफल बॅगेत ठेवली. ह्या रविवारी २५ ला बसलो तर सगळे छर्रे नऊएक सेंटीमीटर वर! ग्रुप (छर्ऱ्यांचा झुपका) मात्र मस्त, रुपयाच्या नाण्याखाली झाकेल असा. नॉब बघितला तर शून्यावरच. दुकानदार म्हणतो स्कोप गेला, नवीन घ्या. खरंच गेलाय का?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : अजिबात नवीन घेऊ नका. उत्तर तुमच्या पत्रातच आहे, फक्त गुणाकार करायचा राहिलाय. १ एमओए म्हणजे १०० मीटरला साधारण २९ मिलिमीटर, मग २५ मीटरला सव्वासात मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याला १२ नं गुणलं की ८७ मिलिमीटर. झाले की तुमचे नऊएक सेंटीमीटर. म्हणजे नॉब बरोबर एक अख्खी फेरी वर गेलाय.

आता गेला कसा, तर भावानं ५० मीटरचं मारून झाल्यावर नॉब ९ वर होता. तिथून शून्यावर यायला मागे ९ एमओए म्हणजे ३६ क्लिक फिरवायला लागतात, पण पुढं फिरवला तर ३ एमओएतच, म्हणजे १२ क्लिकमध्ये, परत ० समोर येतो. हात जवळच्या रस्त्यानं गेला, दुसरं काही नाही, त्यामुळे भावाला फार बोलू नका, रेंजवर हे मुरलेल्या लोकांकडूनही होतं. एक फेरी खाली घ्या (नॉबवरच्या ‘वर’च्या बाणाच्या उलट दिशेनं, ४८ क्लिक, मोजून), पाच छर्रे मारा आणि बघा, जागेवर यायला पाहिजेत.

तुम्ही टूलरूमवाले, तुम्हाला मायक्रोमीटर काय शिकवणार. थिंबलवर ० आला म्हणून कोणी माप वाचत नाही, स्लीव्हवर किती रेघा उघड्या पडल्यात ते आधी बघतो, नाहीतर अर्ध्या मिलिमीटरनं जॉब रिजेक्ट. इथंही तसंच आहे. बऱ्याच स्कोपला नॉब वर चढतो तसतशा त्याच्या खालच्या खांबावर आडव्या रेघा दिसायला लागतात, ती फेऱ्यांची मोजपट्टी. नॉबवरचा आकडा तुम्हाला फेरीतली जागा सांगतो, कितवी फेरी ते ह्या रेघा सांगतात. दोन्ही वाचल्याशिवाय झिरो कळत नाही. झिरोवर असताना नॉबची कड कुठल्या रेघेला टेकलीये त्याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, जवळून आणि डोळा रेघेच्या समोर ठेवून, तिरका नको.

काही जण नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका लावतात. लावा, हरकत नाही, पण त्यानं तुमचा हा प्रॉब्लेम सुटला नसता, कारण ठिपकासुद्धा दर फेरीला समोर येणारच.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते म्हणजे तळापासून मोजणं. रायफल रिकामी करा, झिरो पक्का झालाय ह्याची खात्री करा, मग नॉब खाली खाली फिरवत जा आणि क्लिक मोजा, जिथं तो आपोआप थांबेल तिथं थांबा, जोर लावायचा नाही, आतला स्क्रू बारीक असतो. समजा ७० क्लिक आले तर वहीत लिहा ‘तळापासून ७०’ आणि तेवढेच मोजून वर या. आता उद्या कोणीही नॉब कितीही फिरवू दे, तळाला जायचं, ७० मोजायचे, विषय संपला. पण लोक तळापासून टोकापर्यंतचे क्लिक मोजून निम्म्यावर आणतात आणि त्याला झिरो म्हणतात, ते नका करू, तो स्कोपचा मध्य झाला, तुमच्या रायफलीचा झिरो वेगळा. आणि स्कोप काढून परत बसवला, माऊंट (स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा) बदलले किंवा छर्ऱ्याचा ब्रँड बदलला की झिरो नव्यानं बघायचा आणि तो ७० चा आकडाही नवा लिहायचा.

तुमच्या स्कोपला झिरो स्टॉप असेल तर मग बघायलाच नको, झिरोच्या खाली नॉब जातच नाही, अंधारातसुद्धा अडेपर्यंत खाली फिरवायचा की झालं. नसेल तर पातळ प्लॅस्टिकच्या कापलेल्या रिंगा नॉबच्या खाली सरकवून तसाच अडसर करता येतो, पण नॉब फिरवताना वरखाली होत असेल तरच, जागच्या जागी फिरणाऱ्या नॉबला ह्याचा उपयोग नाही.

आणि झिरो झाल्यावर नॉबवर ० नसून भलताच आकडा असेल तर बाजूचे ग्रब स्क्रू ॲलन कीनं ढिले करून वरची टोपी ० वर बसवता येते. आतला खांब मात्र फिरता कामा नये. फिरला तर नुसता आकडा शून्य होईल आणि नेम हलेल. म्हणून घट्ट केल्यावर दोनतीन छर्रे मारून बघाच.

एक मात्र आहे, चूक फेरीच्या हिशोबात बसत नसेल, म्हणजे कधी ४ सेंटीमीटर वर कधी २ खाली, तर नॉबच्या मागे लागू नका, आधी माऊंटचे स्क्रू बघा. स्प्रिंगवाली एअर रायफल पुढं-मागं दोन्हीकडे झटका देते आणि अख्खा स्कोप रेलवर सरकतो.

प्रश्न : माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, देवळाली कॅम्पला राहतो. तिच्या रायफलला स्कोप नाही, पीप साइट (बारीक भोकातून बघायची) आहे. तिलाही हे लागू होतं का?
— एक पालक

उत्तर : हो ताई, तंतोतंत. १० मीटरच्या मॅचमध्ये दुर्बीण चालतच नाही, पण पीप साइटला वर-खालीचा नॉब असतोच आणि त्याच्याही फेऱ्या असतात. तिथं दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे अख्खी फेरी चुकली तर पहिल्याच शॉटला कळतं, खरी पंचाईत दोनचार क्लिकची असते, तेवढ्यात स्कोअर जातो आणि पोरं स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतात. म्हणून तिला तळापासूनचे क्लिक डायरीत लिहायला लावा, आणि प्रॅक्टिसला गेल्यावर साइटर शॉट (स्कोअरमध्ये न धरले जाणारे, नेम तपासायचे) मारायच्या आधी ते एकदा जुळवून बघू दे, विशेषतः रायफल क्लबची असेल आणि मधल्या वेळेत दुसऱ्या कोणी वापरली असेल तर.